वापरलेलं १०८० टीआय ग्राफिक्स कार्ड आता घेण्यात अर्थ आहे का?

फ्रेमड्रॉप:
लोकहो जरा सल्ला द्या. पीसीत आय५ ८४००, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा पीएसयू (पॉवर सप्लाय), मॉनिटर साधा १०८०पी, आणि कार्ड १०५० टीआय ४ जीबी, जे आता प्रत्येक गेममध्ये लो सेटिंगवर पण धापा टाकतंय. एक जण त्याचं जीटीएक्स १०८० टीआय विकतोय, आणि साधारण तेवढ्याच पैशात वापरलेलं आरएक्स ६६०० पण मिळतंय. १०८० टीआयची ११ जीबी मेमरी बघून मन पहिल्याकडेच जातंय. २०१७ चं आहे मान्य, पण त्या काळी टॉपचं होतं ना, मग १०८०पी ला का नाही पुरणार?

वॅटवाला:
आधी पीएसयू बघ, बाकी नंतर. १०८० टीआय एकटंच २५० वॅट ओढतं, पॉवरच्या ८ पिन आणि ६ पिन दोन्ही वायरी लागतात, आणि कार्ड बनवणारी एनव्हिडिया स्वतः ६०० वॅटचा पीएसयू सांगते. म्हणजे कार्डाच्या पैशात पीएसयूचे पण धर, हे कोणी धरतच नाही आणि मग बसतात हिशोब करत. ६६०० ला १३२ वॅट, एक ८ पिन, तुझ्या आहे त्या ४५० वर आरामात.

जुना_पापी:
एवढं पण हिणवू नका रे त्याला. जुन्या गेममध्ये १०८० टीआय आजही ६६०० च्या थोडं पुढेच असतं. शिवाय ६६०० पीसीआय स्लॉटच्या फक्त ८ लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं आणि ८४०० चा बोर्ड पीसीआय ३.० चा, म्हणजे ४.० च्या मानाने बँडविड्थ (डेटाचा वेग) निम्मी. एरवी जाणवत नाही पण ६६०० ची ८ जीबी मेमरी भरून ओसंडली की अडखळतं. ११ जीबीला तो त्रास कमी.

शेडरबाई:
फ्रेम मोजायला ठीक आहे हो, पण काही गेम चालूच होत नाहीत त्याचं काय? पास्कलमध्ये (१०८० टीआयची पिढी) हार्डवेअर रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावल्या) नाही, टेन्सर कोअर (एआयचे कोअर) नाहीत म्हणून डीएलएसएस (चित्र लहान बनवून एआयने मोठं करत फ्रेम वाढवणं) नाही, एएमडीच्या तसल्याच एफएसआरवर भागवायचं. इंडियाना जोन्स (२०२४) आणि डूम द डार्क एजेस (२०२५) ला रे ट्रेसिंगवालं कार्ड लागतंच, मेनूत बंद करायचा ऑप्शनच नाही. ॲलन वेक २ पण मेश शेडर (३डी आकार झटपट काढायची नवी सोय) नसल्यामुळे सुरुवातीला पास्कलवर रडतखडत चालायचा, नंतर पॅचने बरा झाला. आणि एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर पास्कलचे गेम रेडी (नवीन गेमसाठीचे) ड्रायव्हर थांबवले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट. नवीन गेममध्ये काही बिघडलं तर कोणी दुरुस्त करणार नाहीये.

जुना_पापी:
एएमडीने पण ६६०० ची अख्खी ६००० सिरीज वेगळ्या ड्रायव्हर शाखेत ढकललीच की. नवीन गेमचा सपोर्ट देत राहू म्हणाले, बघू किती दिवस.

फ्रेमड्रॉप:
मी जास्त करून विचर ३, जीटीए ५ असलंच खेळतो. पण डूम खेळायचाच आहे यार, मग ६६०० फायनल?

शेडरबाई:
६६०० डूमच्या मिनिममच्या यादीत आहे, पण तुझा सीपीयू नाही. ८ कोर १६ थ्रेड मागतात, ८४०० म्हणजे ६ कोर ६ थ्रेड. सुरू होईलही कदाचित, पण अटकत खेळण्यात काय मजा. डूमसाठी म्हणून कार्ड घेऊ नकोस. तरी माझं मत ६६०० च, पुढे बोर्ड-सीपीयू बदललास की पीसीआय ४.० वर ते आपोआप मोकळं होईल, १०८० टीआयला तसा काही फायदा नाही. विचर आणि जीटीए दोन्हीवर मस्त चालतील.

वॅटवाला:
+१. फक्त चालू पीसीवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) उघडून नाव आणि मेमरी जुळते का बघ, बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून भलतंच नाव दाखवणारी कार्डं फिरतात. मग फरमार्क किंवा सुपरपोझिशन (कार्डावर पूर्ण ताण देणाऱ्या टेस्ट) चांगला अर्धा तास लाव, स्क्रीनवर ठिपके, रंगीत चौकोन दिसले की सरळ उठून ये. फॅन खरखरतोय का तेही ऐक. क्रिप्टो मायनिंगवर चाललेलं असेल तर लगेच नाही म्हणू नकोस, चिप बहुतेक वेळा ठीक असते, घासतो तो फॅन आणि वाळते ती चिपवरची थर्मल पेस्ट, ते दोन्ही बदलता येतात, तेवढा भाव मात्र पाडून घे.

फ्रेमड्रॉप:
ओके, ६६०० वाल्याला आजच मेसेज टाकतो. माझ्या पीएसयूला ८ पिनची वायर दिसत नाहीये पण, ६ पिनच आहे. कन्व्हर्टर चालेल का?

वॅटवाला:
नाही! पीएसयूचं मॉडेल टाक इथे आधी.