स्वयंपाकघराचं काम काढतोय. तीन कोटेशन आलीत, तिन्हींचा मेळ लागत नाही. मदत हवी आहे

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये १९९४ च्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघर दहा बाय आठ, एल आकाराचा ओटा साधारण चौदा फूट. ओटा बिल्डरनेच दिलेला कडाप्पाचा, खाली फळ्याही कडाप्पाच्या, आणि सिंकखाली बारमाही ओल. दोन महिन्यांपूर्वी तिथली फळी मधोमध चिरली आणि कुकर, परात, इडलीपात्र सगळं घेऊन खाली आली. तेव्हा ठरवलं की आता ठिगळं पुरे.

तिघांना बोलावलं.

पहिले, आमच्याच सोसायटीत बरीच कामं केलेले मिस्त्री. डायरीचं पान फाडून लिहून दिलं : "किचन कंप्लीट १,९५,०००". यात काय काय आलं विचारलं, तर म्हणाले, "सगळं आलं ताई."

दुसरे इंटिरियरची कामं घेणारे ठेकेदार. ३,४०,०००. तीन पानं आहेत, पण त्यात "प्लाय वॉटरप्रूफ", "हार्डवेअर ब्रँडेड", "ट्रॉल्या रनिंग फुटाने" (म्हणजे लांबीच्या फुटावर भाव) असं. ६० टक्के ॲडव्हान्स मागतात. बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, असंही हळूच सुचवून गेले.

तिसरं मॉड्युलर किचनचं दुकान. ४,६०,०००. फोडाफोड, नळ, वायरिंग यात धरलेलं नाही. संगणकावरचं चित्र फार देखणं आहे, फक्त आमची खिडकी आहे तिथे त्यांनी भिंत दाखवली आहे.

काम कुणाला द्यावं? ६० टक्के आधी देणं रीतीला धरून आहे का? आणि घरातला प्रश्न : सासूबाई चार फूट अकरा इंच, मी पाच-पाच. सकाळचा स्वयंपाक त्या करतात, रात्रीचा मी. ओटा कुणाच्या मापाने करायचा?

गणपतीच्या आधी काम संपवून देतो, असं तिघंही म्हणाले. एवढ्या एकाच बाबतीत तिघांचं एकमत आहे.

पाचवा_मजला

मिस्त्रींना द्या. आमचं काम असंच तोंडी झालं, सात वर्षं झाली, कुरकुर नाही. सोसायटीतच वावर असलेला माणूस कुठे पळून जाणार?

गवंड्याचा_लेक

पाचवा_मजला, तुमचं नशीब चांगलं. वडिलांनी चाळीस वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगतो : तोंडी कामात मिस्त्री फसवतोच असं नाही, पण "सगळं" या शब्दाचा अर्थ त्याच्या डोक्यात एक असतो आणि तुमच्या डोक्यात दुसरा. भांडण तिथून सुरू होतं.

कढीपत्ताताई, या तीन आकड्यांची तुलना होणारच नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिलेत. यादी तुम्ही करा आणि तीच तिघांना द्या. प्रत्येक ओळीपुढे माप, माल आणि दर भरून मागा. मिस्त्री लिहायला कंटाळले तर त्यांच्यासमोर बसून तुम्ही लिहा आणि खाली सही घ्या.

काही ओळी मी सुचवतो.

"वॉटरप्रूफ प्लाय" याला काही अर्थ नाही. सिंकखाली आणि ओट्याच्या खोक्यांना आयएस (भारतीय मानक) ७१० चा, म्हणजे ज्याला बाजारात मरीन म्हणतात तो, असं लिहून घ्या. आयएस ३०३ हा नेहमीचा प्लाय, तो वरच्या कपाटांना चालेल. माल आला की कापायच्या आधी प्रत्येक शीटवरचा शिक्का बघा. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल म्हणजे परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आहे ते दिसतं. ते पाहताना सुताराला दिसू द्या. पुढची शीटं आपोआप नीट येतात.

ट्रॉल्यांच्या बास्केटना नुसतं "स्टील" नको, ३०४ ग्रेड लिहा. २०२ दिसायला तशीच असते आणि मिठाच्या बरणीखाली पहिला गंज धरते.

रनिंग फुटाचा भाव सांगितला की विचारा, उंची कुठपर्यंत? वरची कपाटं, माळ्याची दारं त्यात आहेत का? चौरस फुटाने सांगितलं तर नुसतं समोरचं माप, की आतल्या फळ्याही मोजणार? एकाच ओट्याचं बिल या एका प्रश्नावर दीडपट होतं. ग्रॅनाइटचंही तसंच : कडेचं मोल्डिंग रनिंग फुटाने वेगळं, सिंकचं भोक वेगळं, आणि तुकडे कापून वाया गेलेला दगड बहुतेक वेळा तुमच्याच नावावर.

राहता राहिला राडारोडा. तो कोण नेणार आणि कुठे टाकणार, हे लिहून घ्या. रात्री मुठा नदीच्या कडेला रिकामा होणारा टेम्पो तुमच्या घरचा नको.

अर्धा_प्लंबर

तुमच्या इमारतीत भिंतीतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असणार. तीस वर्षांत आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. टाइल्स काढताय तर पाइपही बदलाच, सीपीव्हीसी (न गंजणारे प्लास्टिकचे) घाला. नवीन लाइन टाकल्यावर टाइल लावायच्या आधी पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला असेल तर गळती आहे. न्हाणी ट्रॅप (जमिनीतली सांडपाण्याची जाळी आणि तिच्याखालचा पाइपाचा वाक) हलवलात तर तिथे पाणी साठवून चोवीस तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून या. (जाताना काहीतरी गोड न्या. पुढचे तीन आठवडे हातोड्याचा आवाज तेच ऐकणार आहेत.)

जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू असं कुणी म्हणालं तर स्वस्त पडतं हे खरं, पण मग पाइप तसेच राहतात आणि स्विचबोर्ड भिंतीत अर्धा इंच आत जातात.

पाइप गॅस असेल तर ती लाइन मिस्त्रीला हलवू देऊ नका. कंपनीकडे अर्ज करा, त्यांचाच माणूस येऊन करतो. अर्ज आज करा, ओटा फुटल्यावर नको.

टीपकागद

६० टक्के आधी? अजिबात नाही. पैसे टप्प्याला बांधा. सुरुवातीला पंधरा-वीस टक्के, फोडाफोड-प्लंबिंग झालं की काही, ओटा-टाइल्स झाल्या की काही, सुतारकामाचा माल घरात आला की काही, आणि शेवटचे दहा टक्के काम संपून पंधरा दिवस वापरल्यावर. दारं घासतात, चॅनेल अडकतात, हे वापरल्यावरच कळतं. तो दहा टक्क्यांचा धागा हातात असेल तरच फोन उचलला जातो.

बिल घ्याच. जीएसटीचे १८ टक्के वाचवाल, पण उद्या काही बिनसलं तर तुम्ही त्याला पैसे दिलेत हे कशावरून सांगणार? जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे कागद लागतो. रोख दिलेत तर पावती, नाहीतर सरळ बँकेतून.

मापात_पाप

टीपकागदशी थोडं असहमत. तिसऱ्या दुकानासारखं काम कारखान्यात तुमच्या मापाने कापलं जातं. ऑर्डर रद्द झाली तर ती दारं दुसऱ्या कुणाच्या ओट्याला बसत नाहीत. त्यांनी पन्नास टक्के मागितले तर ते वावगं नाही. जागेवर बसून करणाऱ्या सुतारकामाला मात्र ६० मागणं म्हणजे तुमच्या पैशांनी आधीच्या गिऱ्हाइकाचं काम पुरं करणं. आमच्याकडे हेच झालं. पैसे घेऊन पाच आठवडे माणूस गायब, आणि आम्ही बाल्कनीत इंडक्शनवर पिठलं-भात.

मॉड्युलरवाल्यांना एक सांगा : अंतिम माप टाइल्स लागल्यावर घ्यायचं. जुन्या इमारतीत भिंत काटकोनात नसते.

वरणफळं

ओट्याच्या उंचीबद्दल. कोपरात हात वाकवून उभ्या राहा, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा आला की पोळ्या लाटताना खांदे उचलले जात नाहीत. तुमच्या दोघींच्या मापात तीनएक इंचांचा फरक येईल. पण शेगडीच स्वतः चार-पाच इंच उंच असते हे विसरू नका. गॅसची बाजू सासूबाईंच्या मापाने घ्या, म्हणजे उकळत्या पातेल्यात त्यांना डोकावता येईल. आमच्याकडे गॅसची बाजू ३१ आणि सिंकची ३४ आहे.

गवंड्याचा_लेक

दोन उंच्या करायच्या तर पायरी एलच्या कोपऱ्यात घेऊ नका. तिथे पाणी आणि पीठ साठतं, नंतर झुरळं. सलग ओटा ३२ ला घ्या आणि सिंकजवळ तुम्ही जाड पाट ठेवून चिरा. सुंदर नाही, पण स्वच्छ राहतं.

कढीपत्ता

सगळ्यांचे आभार. शनिवारी बसून यादी केली, बावीस ओळी झाल्या. मिस्त्रींनी चहा घेत घेत भाव भरले. त्यांचे १,९५,००० आता २,७८,००० झालेत, कारण त्यांच्या "सगळं"मध्ये वायरिंग, माळ्याची दारं आणि चिमणीचं भोक नव्हतंच. दुसऱ्यांनी यादी बघून "एवढं कोण लिहितं मॅडम" म्हटलं आणि नंतर फोन घेतला नाही. दुकानवाल्यांनी चित्रात खिडकी टाकून दिली, आकडा तोच.

मिस्त्रींकडेच कल आहे. पाच टप्पे ठरलेत, पहिला वीस टक्क्यांचा. सुतार राजस्थानचा आहे, राखीला गावी जाणार आहे, म्हणजे गणपतीच्या आधीचं काही खरं नाही. दसऱ्याची तारीख लिहून घेतली.

ओटा ३२. सासूबाईंना कोपराचं माप सांगितलं, तर त्यांनी लाटणं घेऊन उभ्या राहूनच दाखवलं.

वायरिंगचं कुणी काहीच बोललं नाही. फ्रिज, मायक्रोवेव्ह, मिक्सर, प्युरिफायर, आणि पुढेमागे डिशवॉशर. किती पॉइंट ठेवू?

अर्धा_प्लंबर

माझा प्रांत नाही, पण घरी केलंय. १६ अँपिअरचे निदान चार, मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आताच बसवा, ओले हात आणि मिक्सर रोज एकत्र येतात. डिशवॉशरसाठी सिंकखाली पाणी आणि सांडपाण्याची जोडणी आत्ताच काढून ठेवा, मशीन कधीही येऊ दे.

पाचवा_मजला

शेवटी मिस्त्रींनाच दिलंत ना, मी काय म्हणत होतो!

बरं, जुना कडाप्पा फोडून फेकणार असाल तर दोन अख्ख्या फळ्या माझ्यासाठी बाजूला काढायला सांगा. गच्चीत कुंड्या ठेवायला हव्यात. टेम्पो मी आणतो.