‘अभिरंजन’ की ‘रंग धरणे’?

विचारणा (यवतमाळ जिल्ह्यातील एक शिक्षक): शाळेच्या विज्ञान मंडळासाठी गुडघ्यातील कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचीक आवरणाच्या) दुरुस्तीवर टिपण लिहीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊतीचा पातळ काप रंगवतात, त्या ‘स्टेनिंग’ला कोशात ‘अभिरंजन’ मिळतो, पण मुलांना त्यात मनोरंजन ऐकू येते. ‘डाग देणे’ म्हटले, तर इकडे गुरांना दिलेला चटका आठवतो. कोणता शब्द योजावा?

उत्तर (वर्धा जिल्हा, प्रयोगशाळेत काम): ‘अभिरंजन’ चुकीचा नाही, पण तो रंगवणाऱ्याची कृती सांगतो, कूर्चेच्या बाबतीत निष्कर्ष ठरतो तो ऊतीने रंग धरला की नाही यावर. आपल्या कापसाच्या मुलखात सूत रंग धरते किंवा धरत नाही असे म्हणतात, तेच क्रियापद इथे घ्यावे. सॅफ्रानिन-ओ हा धनभारित रंजक आहे आणि कूर्चेतील प्रोटिओग्लायकनवर (प्रथिन आणि शर्करा यांच्या संयुगावर) ऋणभार असतो, म्हणून सुमारे ५ मायक्रॉन जाडीच्या कापात निरोगी कूर्चा नारिंगी-तांबडी दिसते, तर जोडीच्या फास्ट ग्रीनने खालचे हाड हिरवट होते. टोल्युइडिन ब्लू तर स्वतः निळा असून कूर्चेत जांभळा दिसतो. त्याला मी ‘रंगपालट’ म्हणतो. शेळीच्या गुडघ्यात प्रयोगासाठी केलेला खड्डा भरून आला, पण तो भाग फिकाच राहिला, तर तिथे मूळच्या कूर्चेऐवजी बहुधा तंतुमय कूर्चा आलेली असते. म्हणून ‘भरून येणे’ आणि ‘मूळची कूर्चा येणे’ यांत गल्लत करू नये. मात्र काप घेता यावा म्हणून हाड मऊ करताना तुकडा तीव्र आम्लात फार काळ राहिला, तर प्रोटिओग्लायकन निघून जाते आणि चांगली कूर्चाही फिकी दिसते; तो दोष हाताळणीचा. कोलॅजन (कूर्चेतील तंतू बनवणारे प्रथिन) कोणत्या प्रकारचे आहे हे सॅफ्रानिन सांगत नाही, त्यासाठी प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते.

पुस्ती: दवाखान्यात ‘गादी झिजली’ म्हणतात, पण गादी म्हणजे कधी कूर्चा, कधी सांध्यातील चकती, कधी मणक्यांमधली, टिपणात ‘कूर्चा’च ठेवावी. आणि सॅफ्रानिनचे ‘केशर’ करू नये. नाव केशरावरून आले असले तरी रंजक कृत्रिम आहे. मी एकदा ‘केशराचे द्रावण’ असे छापलेले वाचले आहे.

शिक्षक: वाक्य असे केले: ‘भरून आलेल्या भागाने सॅफ्रानिन धरले नाही.’

उत्तर: ‘मधल्या भागाने’ असे करा. निरोगी कूर्चेला लागून असलेल्या काठाने पुष्कळदा थोडा रंग धरलेला असतो.