प्रति: सगळे टी-शर्टात, मी एकटा इस्त्रीत

टीम टी-शर्टात येते आणि तुझ्या इस्त्रीच्या शर्टावरून रोज टिंगल होते, म्हणून सोडून देऊ का, असं विचारलं आहेस. मुळीच नको! हिंजवडीत मी 11 वर्षं फुल शर्टात जातोय. सुरुवातीला रोज "आज इंटरव्ह्यू कुठे?" व्हायचं. मी म्हणायचो, "तुझ्याच जागेसाठी." दोन महिन्यांत लोक कंटाळले. आता चुकून टी-शर्ट घातला तर "बरं नाही का?" अशी चौकशी होते.

मात्र कापड बघून घे. चकाकणारा टेरिकॉट आणि वर काळे पॉलिशचे बूट असतील, तर लग्नाला निघाल्यासारखाच दिसशील. तिथे टिंगल रास्त आहे. ऑक्सफर्ड विणीचा सुती शर्ट घे. तो जरा जाडसर असतो, त्यामुळे बाइकवर सॅकच्या पट्ट्यांनी चुरगळला तरी अवतार होत नाही. लिनन एप्रिल-मेच्या उन्हात झकास, पण वाकडचा पूल येईपर्यंत त्याची रया जाते. लक्ष्मी रोडवर कापड घेऊन शिवून घेतलंस तर उत्तम. रेडीमेडमध्ये खांद्याची शिवण दंडावर उतरली की माणूस वडिलांचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. बाह्या दोनदा दुमडल्या की निम्मा औपचारिकपणा जातो. टाय आणि ब्लेझर क्लायंट येईल तेव्हाच.

पावसाळ्यात चामड्याचे बूट सॅकमध्ये, पायात फ्लोटर्स.

आणि हो, टीम आउटिंगला सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट वाटले तर निमूट घाल. मी एकदा नाही घातला. फोटोत ड्रायव्हर समजले.