ओठावर पुन्हा फोड येतोय आणि नऊ दिवसांवर कार्यक्रम, वाजवू की थांबू?

खालचा_सा

मी क्लॅरिनेट वाजवते, तेरा वर्षं झाली. आज सकाळपासून खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याजवळ तेच ओळखीचं चुरचुरणं सुरू झालंय, मुंग्या आल्यासारखं आणि थोडं गरम गरम, आणि हे झालं की दुसऱ्या दिवशी तापाचा फोड ठरलेलाच. या वर्षातली ही चौथी वेळ. कार्यक्रम ९ दिवसांवर आहे आणि त्यात माझा चांगला मोठा सोलो आहे.

मागच्या वेळी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटली खरं तर, कारण हर्पिस हा शब्द काढला की लोक काय काय अर्थ काढतात. तसंच वाजवत राहिले, खपली तीनदा फुटली, रीडला (ओठाला टेकणारी वेताची पातळ पट्टी) रक्त लागलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुखरी जागा वाचवायच्या नादात माउथपीस नकळत डावीकडे सरकत गेलं. फोड दहा-बारा दिवसांत गेला पण ती वाकडी सवय मोडायला पुढचे दोन महिने लागले, वरचे सूर लागायचेच नाहीत नीट.

तर विचारायचं असं की आता लगेच काय करू? किती दिवस पूर्ण बंद ठेवू? रीड फेकून द्यायच्या का? आणि अजून एक, मी आणि आमची दुसरी क्लॅरिनेटवाली एकाच पेल्यात रीड भिजवतो, तिला काही होईल का याची मला जास्त काळजी वाटतेय.

पितळी_वारा

अगं आज वाजवू नकोस. आधी डॉक्टरला फोन कर, मग बाकीचं वाच. चुरचुरतंय पण फोड दिसत नाही हा जो एक दिवस असतो ना तोच हातात असतो, फोड वर आल्यावर औषधाचा उपयोग बराच कमी होतो.

मी ट्रम्पेट वाजवतो, सत्तावीस वर्षं. आमच्याकडे तर माउथपीसची कडा थेट ओठावर दाबली जाते, त्यामुळे फोड कडेखाली आला की संपलंच, आणि कडेच्या आत आला तर ओठ थरथरतच नाही नीट, नुसती हवा जाते. मी तरुणपणी दोन वेळा तसंच रेटलं. पहिल्यांदा निभावलं, दुसऱ्यांदा जागा चिघळली आणि तीन आठवडे वाद्याला हात लावता आला नाही. म्हणजे पाच दिवस वाचवायला गेलो आणि तीन आठवडे घालवले.

तू जे माउथपीस सरकण्याचं लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे, लोक फोडाचीच चिंता करतात पण खरं नुकसान तिथे होतं. दुखतं म्हणून ओठाचे स्नायू वेगळे धरले जातात आणि शरीर ते पटकन शिकतं. म्हणून माझा नियम असा की नेहमीच्या जागी, नेहमीच्या दाबाने धरता येत नसेल तर वाजवायचंच नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. तोवर बोटं चालव, सोलो गाऊन बघ, स्वरलिपी समोर ठेवून मनात वाजव. मी एकदा सहा दिवस फक्त एवढंच केलं आणि पाठांतर एरवीपेक्षा पक्कं झालं होतं.

आणि तो पेला आजपासून बंद. तिलाही स्पष्ट सांग.

रियाजी_बोटं

माझ्या ओळखीतले एकजण सुईने फोड फोडून पाणी काढतात आणि वर घरातलं खाजेचं मलम लावतात, लवकर सुकतो म्हणे. करून बघा.

नाडी_आणि_बासरी

वरचा सल्ला कृपया कुणी पाळू नका. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि हौसेने बासरी वाजवते. फोडातल्या पाण्यात विषाणू सगळ्यात जास्त असतो, सुई लावली की तो आजूबाजूला आणि बोटांवर पसरतो. खाजेच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, नुसतं स्टेरॉइड लावलं तर संसर्गाला रानच मोकळं मिळतं.

ताई, आधी लाजेबद्दल. हा हर्पिस सिम्प्लेक्स १ नावाचा विषाणू, आणि जगातल्या ५० वर्षांखालच्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना तो लहानपणीच घरातल्या कुणाच्या तरी पापीतून मिळालेला असतो. एकदा आला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो आणि ताप, जागरण, ताण, कडक ऊन, पाळी, ओठाला झालेली इजा यांपैकी काही झालं की त्याच वाटेने ओठावर परत येतो. म्हणून जागा पण बहुतेक तीच असते. नागिणीचा आणि याचा गोंधळ घालू नका, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. आणि तोंड येतं म्हणतो आपण, ते आतले पांढरे व्रण, तेही वेगळं प्रकरण, ते संसर्गजन्य नसतं.

औषध: पितळी_वारा यांनी लिहिलंय ते बरोबर. चुरचुर सुरू होताच घ्यायच्या गोळ्यांमध्ये व्हॅलासायक्लोव्हिरचा एका दिवसाचा कोर्स असतो, २ ग्रॅम आणि १२ तासांनी परत २ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलावी लागते, गरोदर असाल तर आधी बोलावं लागतं, त्यामुळे स्वतःच्या मनाने नको, आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या. अपेक्षा मात्र खरी ठेवा, गोळीने साधारण एक दिवस कमी होतो, असायक्लोव्हिर क्रीमने अर्धा दिवस वगैरे, आणि क्रीम दिवसातून पाच वेळा लावावं लागतं. जादू नाही, पण ९ दिवसांच्या हिशोबात एक दिवस पुष्कळ असतो. लायसिनच्या (एक अमिनो आम्ल) गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात, ठोस पुरावा नाही.

खपली धरली की ती कोरडी होऊन तडकू देऊ नका, साधं व्हॅसलिन कापसाच्या बोळ्याने लावा, डबीत बोट घालू नका. लावल्यावर हात धुवा आणि डोळ्याला अजिबात हात लावू नका, विशेषतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर, कारण हाच विषाणू बुबुळाला गेला तर नजरेवर बेततं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याची पापी पूर्ण बंद, बाळांना हे जिवावर बेतू शकतं.

वर्षातून सहाच्या आसपास वेळा होत असेल तर रोज कमी मात्रेची गोळी काही महिने देतात. चार वेळा आणि वर धंदाच ओठाचा, तर याबद्दल डॉक्टरांशी नक्की बोला.

खालचा_सा

फोन केला, गोळ्या लिहून मिळाल्या, पहिली घेतली. सगळ्यांचे खूप आभार, खरंच. रीडचं आणि माउथपीसचं सांगा ना कुणी, माझं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, आहे.

पितळी_वारा

साबण आणि कोमट पाणी, मऊ ब्रश, नीट वाळवायचं. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते मोडतं. गरम पाणी एबोनाइटला नको, रंग उडून हिरवट-तपकिरी होतं. रीड बांबूसारखी सच्छिद्र असते, आतून स्वच्छ होण्याची खात्री नाही, या दिवसांत ओठाला लागलेल्या मी तरी टाकून देईन. सोलोसाठी राखलेली चांगली रीड आता बाहेरच काढू नकोस.

वेळूतला_नाद

मी बासरी वाजवतो, बांबूची, ती पाण्यात बुडवता येत नाही म्हणून फुंकेच्या छिद्राभोवती साबणाच्या ओल्या फडक्याने पुसतो आणि लगेच कोरडी करतो, आणि दुसऱ्याची बासरी बघू दे म्हणून तोंडाला लावणं मी कायमचं सोडलंय. माझ्या बाबतीत कारण ऊन निघालं. उघड्यावर दुपारचा कार्यक्रम झाला की तीन-चार दिवसांत फोड, हे लक्षात यायला मला कितीतरी वर्षं लागली कारण मी दर वेळी दमणूक म्हणूनच सोडून द्यायचो. आता एसपीएफ ३० चा ओठांचा बाम लावतो, वाजवायच्या आधी पुसून टाकतो नाहीतर ओठ सटकतो. एक वही ठेवा, फोड आला की आधीचे चार दिवस काय केलं ते लिहा.

आल्टो_दुपार

एक वेगळी बाजू. मला वर्षभर वाटत होतं की फोडच येतात, पण कधी पाणी भरायचं नाही, नुसतं लाल, खाज आणि खालच्या ओठावर रीड टेकते तेवढ्याच पट्ट्यात. तपासल्यावर कळलं की रीडच्या वेताचीच अ‍ॅलर्जी. सिंथेटिक रीड लावली, गेलं. पितळी वाद्यवाल्यांना माउथपीसचा मुलामा उडाला की निकेलमुळे असंच होतं. म्हणजे दर वेळी त्याच आकारात उठत असेल तर एकदा दाखवून घ्या.

खालचा_सा

कार्यक्रम काल झाला, म्हणून सांगायला आले.

फोड आलाच, पण एकच आणि मुगाएवढा. चौथ्या दिवशी खपली धरली. संचालकांना मी त्याच संध्याकाळी स्पष्ट सांगितलं होतं, घसा कोरडा पडला होता सांगताना, ते एवढंच म्हणाले की तालमीला ये, बस, ऐक, तुझा भाग दुसरी वाजवेल. सहा दिवस क्लॅरिनेट पेटीतच. सातव्या दिवशी खपली आपोआप पडली, खाली गुलाबी कातडी होती, आरशासमोर बसून माउथपीस मधोमध आहे ना बघत अर्धा नंबर हलक्या, म्हणजे जरा मऊ, रीडवर दहा मिनिटं लांब सूर, फक्त मधल्या सप्तकात. आठव्या दिवशी वीस मिनिटं. कार्यक्रमात सुरुवातीचे दोन तुकडे मी सोडले, ओठ सोलोसाठी राखला. सोलोत शेवटचा वरचा सूर थोडा बारीक लागला, पण मधोमध लागला आणि आज ओठ दुखत नाहीये.

दुसरीशी बोलले. ती म्हणाली तिलाही लहानपणापासून येतात, ती लिपस्टिकखाली झाकून वाजवायची. आम्ही दोघी इतकी वर्षं शेजारी बसतोय. आता दोन पेले आहेत, तिच्या पेल्याला तिने निळा दोरा बांधलाय.