मदत हवी आहे: स्लॅब तोंडावर, क्रश सँडवाला ऐनवेळी टांग देतोय

900 चौरस फुटांचा, 5 इंची स्लॅब आहे. काँक्रीट एम 20 म्हणजे 1:1.5:3 (सिमेंट:सँड:खडी), साधारण 85 गोणी सिमेंट, 1.6 ब्रास (1 ब्रास = 100 घनफूट) क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), 3.2 ब्रास खडी; बीम वेगळे. सेंट्रिंग, सळई तयार, मिक्सर ठरलाय. खडी येऊन पडली, सँडचं मात्र "गाडी क्रशरवर लायनीत आहे" एवढंच. ॲडव्हान्स पूर्ण गेलाय, ही चूकच.

सँडची आधीची गाडी 3 ब्रास म्हणून आली. हौदा (गाडीचा माल भरायचा भाग) 14 × 7 फूट, माल सपाट केल्यावर उंची अडीच फूट. म्हणजे 245 घनफूट, अडीच ब्रासही नाही. त्यात माल ओला, आणि ओली सँड फुगते, तेव्हा खरा माल आणखी कमी. रात्री गाडी उलटी करून गेल्यावर मोजणार काय? ढिगाचं माप कुणी मानत नाही.

विचारायचं असं:
ॲडव्हान्स किती टक्के ठेवता? बाकी पैसे हौदा मोजून, खाली करण्याआधी दिले तर पुरवठादार ऐकतात का? ओल्या मालाची घट किती धरता? ब्रासऐवजी वजनकाट्याच्या पावतीवर घेणं परवडतं का, की तिथेही पाण्याचंच वजन भरायचं?

आणि स्लॅब अर्ध्यात थांबू नये म्हणून दुसऱ्याकडून 1 ब्रास आधीच टाकून ठेवावी का?