वस्तीतल्या मताचे मोल

वस्त्यांतले लोक आश्वासनांना भुलून मत देतात, हे आपले म्हणणे मला अपुरे वाटते. मुंबईत झोपडपट्टीवासीयांच्या मोफत पुनर्वसनाची योजना आली तेव्हा पात्रतेसाठी 1 जानेवारी 1995 पर्यंतच्या मतदारयादीतले नाव हाच मुख्य पुरावा ठरला. पुढे ही तारीख 2000 पर्यंत सरकली, आणि ती सरकवणे हे निवडणुकीतले हुकमी आश्वासन झाले. म्हणूनच धारावीतल्या घरांत जुन्या मतदारयादीची झेरॉक्स, वीजबिल आणि रेशनकार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर जपलेले असते. परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या अधिकृत यादीत, नाव लागेपर्यंत तीच खरी मालमत्ता. मात्र मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे तुंबलेल्या गटाराची तक्रार न्यायला हक्काचे दार उरले नाही (आमदार गटारासाठी येत नाहीत, हे सांगायला नकोच).