भावाच्या नोट्स लॅपटॉप वाचेना, पेपर १६ दिवसांवर. मदत हवी

वसमतची_ताई:
भाऊ बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी ग्रुपवर अर्थशास्त्राच्या नोट्स टाकल्यात, त्या लॅपटॉप नीट वाचतच नाही, काहीतरी भलतंच बोलतो. दोन दिवस झाले, सगळं करून पाहिलं. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

गोदाकाठ:
स्पीकर गेला असेल. दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघा.

वसमतची_ताई:
स्पीकर चांगलाय दादा. भावाला जन्मापासून दिसत नाही, तो एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून अभ्यास करतो. हे लिहायचं राहिलं.

लातूरचे_गुरुजी:
ताई, आधी लेखनिकाचा अर्ज दिलाय का ते सांगा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. माझ्या एका विद्यार्थ्याचा लेखनिक आदल्या रात्री तापानं फणफणला, दुसरा मिळेपर्यंत पोराचे हातपाय गळाले होते. दोन नावं तयार ठेवा.

ऐकून_वाचणारा:
गुरुजी, खरंय, पण ताईंनी ते विचारलं नाही. अभ्यासच झाला नाही तर लेखनिकाला सांगणार काय? ताई, मीही दृष्टिहीन आहे, एनव्हीडीएवरच शिकलो. फायली पीडीएफ आहेत का वर्ड? टाइप केलेल्या का पानांचे फोटो? आणि "भलतंच" म्हणजे काय? भावाला बाणाच्या कळीनं एकेक अक्षर पुढं जायला सांगा, ऐकू येईल ते जसंच्या तसं इथं लिहा.

ब्रेलप्रेमी_बीड:
त्याला ब्रेल येतं का? नुसतं ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. बोटांखाली अक्षर आलं की ते डोक्यात बसतं.

वसमतची_ताई:
ब्रेल येतं, शाळेत त्यावरच शिकला. कॉलेजात आल्यापासून एक पान ब्रेलमध्ये मिळालं नाही, आता १६ दिवसांत कोण छापून देणार? पाच पीडीएफ आहेत. तीन बोलतात, पण "एच, के, के, जे, आर" असं. दोन उघडल्या की गप्पच.

टंकलेखक_नांदेड:
ताई, ते "भारत" आहे! कृतिदेव फॉन्टमध्ये भारत टाइप करायला याच पाच कळा दाबतात. डोळ्याला मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि एनव्हीडीए तीच वाचतो. भावाचं किंवा लॅपटॉपचं काही चुकलेलं नाही. मजकूर कॉपी करा आणि कृतिदेव ते युनिकोड कन्व्हर्टरमध्ये टाका, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं येतील. सरांकडं मूळ वर्ड फाइल असेल तर तीच मागा, पीडीएफमधून कॉपी करताना काना-मात्रा तुटतात.

गोदाकाठ:
एवढ्या खटाटोपापेक्षा तुम्हीच वाचा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून द्या. माझ्या बहिणीनं मावसभावाला तसंच शिकवलं.

ऐकून_वाचणारा:
रेकॉर्डिंगला नावं ठेवत नाही, माझ्या आईनं वाचलेल्या पानांवरच मी दहावी झालो. पण त्यात शब्द शोधता येत नाही, "मागणीचा नियम" कुठं आहे ते परत ऐकायला पंधरा मिनिटं मागं-पुढं करावं लागतं. मजकूर असला की एका क्षणात तिथं जातो. आणि दरवेळी कुणाच्या वेळेची वाट बघायची, हे मनाला लागतं हो.

वसमतची_ताई:
माझी ड्युटी रात्री नऊला संपते. तो म्हणतो, "ताई, तू झोप, मला फक्त वाचता येईल असं करून दे."

ऐकून_वाचणारा:
गप्प राहणाऱ्या दोन फायली पानांचे फोटो असणार. त्या गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, फोटोतला मजकूर निघतो, मराठीसुद्धा. मोठी फाइल असेल तर तुकडे करा. पानं वाकडी किंवा अंधारी असली की चुका वाढतात. आणि सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात, त्याचं नाव नोंदवा, २०१६ पासून सुरू आहे, पुढच्या वर्षाला उपयोगी पडेल.

सरळ_वाट:
पुस्तकांची पानं अशी काढणं कॉपीराइटचा भंग नाही का?

टंकलेखक_नांदेड:
नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात साहित्य करायला सूट दिली आहे.

हिंगोलीचा_पोरगा:
अपंगांना एसटीत सवलतीला कोणतं कार्ड लागतं? घरी काका आहेत.

वसमतची_ताई:
पहिलं पान झालं! भावानं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. "अर्थव्यवस्था"तला रफार पुढच्या अक्षरावर गेलाय आणि "ळ" कुठं कुठं गायब आहे, ते मी हातानं दुरुस्त करतेय. सरांना वर्ड फाइल मागितलीय, अजून उत्तर नाही. गुरुजी, लेखनिकाचा अर्ज दिला नव्हता, सोमवारी कॉलेजात जाते. दादा, गूगल डॉक्समध्ये तक्त्यांचे रकाने एकमेकांत मिसळलेत. मागणीच्या तक्त्याचं काय करू?